शिल्लक ठेवलेला आवाज

जहाजावरून, ५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. बाबांनाही नमस्कार, जरा मोठ्याने सांग.

आम्ही अजून त्याच परक्या बंदरात. मालक परागंदा, जहाज कोर्टाच्या ताब्यात आणि धक्क्यावर पाय ठेवायला बंदी. चौदांपैकी तिघे उरलो: डेकवरच्या खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग, स्वयंपाक करणारा भंडारी आणि मी इंजिनवाला. धक्का इतका जवळ की हमालाने डब्यात काय आणलंय ते दिसतं. मधलं पाणी तेवढं ओलांडायचं नाही.

भंडारी भूतानचा, बोलतो जोंगखा; सारंग दक्षिण आफ्रिकेचा, त्याची भाषा खोसा. इंग्रजी दोघांना हुकुमांपुरतं. मधला दुभाष्या मी. लहानपणी तू मला नकल्या म्हणायचीस, ते आता कामी आलं. वेळ जावा म्हणून दोघांचे शब्द टिपायला वहीत दोन रकाने पाडलेत. जोंगखात क्रियापद आपल्यासारखं शेवटी येतं, म्हणून ती मला मावशीच्या घरासारखी वाटते; कुठे काय ठेवलंय ते अंदाजाने सापडतं. पण मानाच्या माणसाशी बोलताना शब्दच बदलतात, त्याचा हातसुद्धा साधा हात राहत नाही. खोसामध्ये नामाच्या आधी जोड लागते आणि तिचा पडसाद वाक्यभर उमटतो. सूर दोन्हीकडे सांभाळावा लागतो; चुकला की अर्थ बदलतो. खोसातले तीन आवाज तर ऐकण्यासारखे. एक दातांमागचा, आपण हळहळताना च्च करतो तो. दुसरा गालातला, घोडा हाकताना काढतात तसा. तिसरा टाळूचा, बाटलीचं बूच उडाल्यासारखा. सारंगाच्या लेखी ती साधी अक्षरं आहेत. भंडारी ती शिकताना जीभ चावून घेतो.

घरचं खरं काय ते लिही, गोड बातम्या नकोत. लोभ आहेच, तो या खाऱ्या पाण्याने पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
नकल्या

२४ जानेवारी

चि. नकल्यास,
अ. आ., त्यातले दोन कान पिळून.

खरं हवंय ना, घे. झटक्याला तीन महिने झाले तरी बाबांची उजवी बाजू तशीच लुळी आहे आणि वाचा बंद. मीही त्यांच्याबरोबर याच खोलीत. दूध दारात येतं, औषधं शेजारीण आणते. तू धक्का बघतोस, मी समोरच्यांची गॅलरी. त्यांच्या कुठल्या चादरीला कुठे ठिगळ आहे ते मला पाठ झालंय.

तुझं पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. दातांमागच्या आवाजाशी आले आणि पलंगावरून च्च! मी चष्मा काढून बघतच राहिले. जन्मभर मशीनवर बसलेला शिंपी. तोंडात टाचण्या धरून गिऱ्हाइकाशीसुद्धा च्च करूनच बोलायचे. झटक्याच्या हाती एवढं लागलं नाही बघ. मग गालातलाही जमला. मी ठरवून टाकलं: दातांमागचा म्हणजे हो, गालातला म्हणजे नाही. टाळूचा शिल्लक ठेवलाय, त्याला अर्थ सुचला नाही. तीन महिने मी त्यांच्या चहात दोन चमचे साखर घालत होते. पहिल्याच दिवशी कळलं, ती नको होती.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणाले, ज्याला भेटायचंय त्याने लवकर यावं. मी बाबांना विचारलं, नकल्याला बोलावू का? दातांमागचा आवाज, तोही थांबेचना. तेव्हा काय वाटेल ते कर आणि ये. लोभ पत्रात नको, दारात आणून दे.

तुझी,
ताई

जहाजावरून, १६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हे पत्र बसून वाच.

कोर्टाचा माणूस लाँचमधून आला. दोघांना घरी सोडणार, एकाने जहाज विकलं जाईपर्यंत पहाऱ्याला राहायचं. नाव शुक्रवारपर्यंत मीच द्यायचं. तुझं पत्र खिशात होतं. मी दोघांना बाबांबद्दल सांगितलं. सारंग म्हणाला, तू नीघ, मी राहतो. भंडारीही तेच म्हणाला, तेही मानाचे शब्द लावून. मग दोघे एकमेकांवरच ओरडू लागले, आणि माझ्यावरून चाललेलं भांडण मलाच इकडून तिकडे पोचवावं लागलं.

तेव्हा ध्यानात आलं, यांच्यापैकी कुणीही राहिला तरी त्याचं बोलणं समजणारं या बंदरात एक माणूस नाही. पोटात दुखलं तर कुठे दुखतंय हे तरी तो कुणाला सांगणार? माझं निदान इंग्रजीवर भागतं. मला बाबांच्या चहातली साखर आठवली.

मग मी जन्मात पहिल्यांदा खोटं भाषांतर केलं. सारंगाला सांगितलं, भंडारी राहतोय, त्याचीच तशी इच्छा आहे. भंडाऱ्याला सांगितलं, सारंग राहतोय. दोघांनी वेगवेगळ्या वेळी सुटकेच्या कागदावर सह्या केल्या. लाँचमध्ये समोरासमोर आल्यावर त्यांना कळलं. सारंग उभा राहून मला शिव्या घालत होता, तिन्ही आवाजांत. भंडारी मान खाली घालून, मानाच्या माणसापुढे धरतात तसे दोन्ही हात पुढे करून उभा राहिला, धक्का येईपर्यंत.

बाबांनी हो म्हटलं होतं, हे मी विसरलेलो नाही. त्यांना सगळं वाचून दाखव. वही मिटून ठेवलीय. लोभ कमी झाला तर तेही खरं खरं कळव.

तुझा,
नकल्या

८ मार्च

चि. नकल्यास,
आशीर्वाद देताना दोन दिवस हात उचलला नाही. आता घे, अनेक.

मी रागाने नुसती धुमसत होते. परक्यांचा पुळका आणि घरचे वाऱ्यावर, असं भिंतीला ऐकवून झालं. मग बाबांना पत्र वाचून दाखवलं, एक ओळ न गाळता. वाटलं, गालातला 'नाही' येणार. आला तो टाळूचा, स्वच्छ, बूच उडाल्यासारखा. त्याला तर आम्ही अर्थच दिलेला नव्हता. विचारलं, पाणी हवंय? नाही. कूस बदलू? नाही. उशी? नाही. शेवटी वैतागून म्हटलं, मग काय, नकल्या? हो. हो. हो.

तेव्हा तिसरा आवाज तुझ्या नावावर झाला. जहाज लवकर विकलं जावो. चिडते ती लोभापायीच, एवढं धरून राहा.

तुझी,
ताई

ता. क. रोज सकाळी कडी वाजली की बाबा टाळूचा आवाज काढतात. मी दार उघडते. दूधवाला असतो. मग मागे वळून गालातला आवाज मीच काढते.