वल्ह्याचं टोक

१८ जुलै २०१८

बॅनर लावलाय! नाक्यावर, नविनशेठच्या हार्डवेअरच्या दुकानावर, आख्खी पाटी झाकेल एवढा. पिवळ्या होडीत नयन, दात काढून हसतोय. खाली लिहिलंय — ‘सूर्या नदी होडीतून एकट्याने उतरणारा पहिला डहाणूकर. प्रथम पुण्यस्मरण.’

एकट्याने!

मग मागे कोण होतं, भूत? दोन माणसांची होडी ती. पुढे नयन, मागे मी — देवजी, राहणार आगर. पुढचा नुसतं पाणी मारतो, होडी वळवतो मागचा. हे शेंबडं पोरही सांगेल. फोटो काढला समोरून आणि नयन हा असा आडवा. त्याच्यामागे मी कुठला दिसतोय! जवळ जाऊन नीट पाहिलं. उजव्या बाजूला एक वल्ह्याचं टोक दिसतं. तो मी.

१९ जुलै

चंद्रावती सुकी मासळी विकून आली ती त्याचंच कौतुक घेऊन. बाजारात म्हणे सगळ्या बायका हळहळत होत्या. सूर्या उतरला, मग उत्तरेत जाऊन बर्फाच्या नद्या उतरला, तिकडच्या पोरांना शिकवलं — आणि गेला कशाने, तर काविळीने!

म्हटलं, सूर्या मीपण उतरलोय.

"तुम्ही उतरलात आणि दुसऱ्या दिवशी जाळं शिवायला बसलात. तो पुढे गेला. जळता कशाला उगाच?"

जळतो! का जळू नये? पावसाळ्यात बोटी बंद. घरात बसून दुसरं करायचं तरी काय?

काय खरडताय, म्हणून विचारते. म्हटलं, भरती-ओहोटी.

२३ जुलै

नविनशेठ नयनच्या स्मारक समितीचा अध्यक्ष, म्हणून त्यालाच गाठलं. धड बोलू दिलं नाही. "जवा दो ने, जाऊ द्या, देवजीभाई! माणूस गेला. आता त्याच्यात काय वाटणी मागता?"

वाटणी! वर चहा पाजला. लोकांना एकच वीर लागतो म्हणे, दोन सांगितले की गोष्ट बारीक होते. चहा प्यायलो आणि आलो परत. मेलं, तिथे तोंडातून शब्द फुटला नाही, आता इथे पानावर शिव्या घालतोय.

२६ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. सगळ्यांनी दर्याला नारळ दिला. शेवटी एक नयनच्या नावाने. तो नदीवाला, त्याचं दर्यावर काय काम? मी हात जोडले नाहीत. चंद्रावतीने कोपर मारलं.

१ फेब्रुवारी २०१९

दुपारी जमीन परत हलली. तलासरीकडे घरांना भेगा गेल्या म्हणतात. आमची भांडी खाली आली. धरणी हलते, समिती काही हलत नाही.

२० मे

आज समिती माझ्या दारात! नाक्यावर चौथरा बांधतायत. वर पिवळी होडी, खाली दगडी पाटी, पंधरा ऑगस्टला. आणि होडी कुठे आहे? माझ्या पडवीत! उत्तरेत जाताना नयन टाकून गेला होता. "सांभाळ रे, परत उतरू." तो परत उतरला नाही. मी तिच्यावर सुक्या बोंबलाच्या टोपल्या रचत आलो.

मनात उकळ्या फुटत होत्या. म्हटलं, होडी देतो. पण पाटीवर ‘एकट्याने’ लिहिणार ना? मग आधी मी एकटा उतरून दाखवतो, तुमच्या डोळ्यांदेखत. उतरलो तर तो मान माझा.

नविनशेठ हसला. "पाणी येऊ दे, बघू."

११ जुलै

पुढची जागा रिकामी असली की होडी नाक वर करते. म्हणून तिथे वाळूची गोण बांधली. नयनच्या वजनाची, म्हणजे तो तेव्हा होता तेवढी, अंदाजाने.

"टोपीपण घाला तिला," चंद्रावती म्हणाली. पाण्यात घालायचं जॅकेट मात्र कुठून तरी मागून आणलंन.

१४ जुलै

उलटलो.

कासाच्या पुलाखालून निघालो. वर समिती, छत्र्या, नविनशेठ. सुरुवात झकास! हात काही विसरले नव्हते. मग वळण आलं आणि पाणी सगळीकडे सारखंच गढूळ. दर्यात मला खडक लांबून कळतो. इथे काही म्हणजे काही कळेना. गोणीपुढचं दिसेना. पण नयन पुढे असताना तरी कुठे दिसायचं? आणि मी — आता लिहितोच — वल्हं धरून कशाची तरी वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात खडक आला, मधोमध.

तिथला हाल्या नावाचा गडी काठाला मासे धरत होता, त्याने दंडाला धरून ओढून काढलं. मला बघून म्हणाला, "तुमी दोघं आलेलात ना? मी ल्हान होतो तवा. पुढला लय बोंबलत होता — डावं! डावं! आता उजवं! आमी काठानं हसत पळत होतो. आज कोनी बोंबललाच नाय. म्हणून आपटलात."

नविनशेठ धापा टाकत पोचला होता. त्याने ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं — दोघं होते!

म्हणजे जिंकलोच की. थंडी मात्र जाईना.

१६ जुलै

नविनशेठ घरी येऊन गेला. ‘एकट्याने’ काढलं. नयन आणि देवजी, दोन्ही नावं एकाच मापाची. चंद्रावतीने आळीभर पेढे वाटले.

मला जेवण गेलं नाही. त्या वेळी किती वैताग आला होता त्याच्या बोंबलण्याचा! कान किटले होते. "गप बस की, मी वळवतोय ना!" असं ओरडलोही होतो त्याच्यावर. तो गेल्याचा फोन आला तेव्हा जाळं शिवत होतो. शिवतच राहिलो. रडू आलं नाही तेव्हा. आज दुपारपासून थांबत नाहीये.

१५ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा आजच. नयनच्या नावाचा नारळ मी दिला.

मग नाक्यावर पाटी उघडली. टाळ्या झाल्या. लोक पांगल्यावर चौथऱ्यावर चढून होडीत बसलो, मागच्या जागेवर. "अरे देवजीभाई, लोक बघतात!" नविनशेठ खालून म्हणाला. बघू देत.

पुढे गोणपण नाही आता.

नयन, मेल्या, ओरड ना!