बोटीवरची सुटी सावली

रविवार, संध्याकाळ

इतकी वर्षं रिक्षांचे हूड शिवले, आज मी शिवलेलं कापडी छत गंगापूर धरणात मोटरबोटीवर फिरलं! बोटवाले भाऊ सकाळी कुरकुरत होते, "ताई, छतात वारा भरला तर बोट कलंडंल. पटकन निघंल अशा क्लिपा लावा ना." मी सुरगाठच मारली, गाईच्या दाव्याला मारतात तशी. दुपारी वारा सुटलाच. भाऊंनी टोकं ओढली, गाठी सटासट सुटल्या, छत खाली! वारा पडल्यावर पुन्हा बांधलं. सुरगाठीचं कौतुक राहिलं बाजूला, भाऊ लगेच पुढच्या फेरीची माणसं बसवायला लागले. मनाला लागलं का माझ्या? थोडं. पण मग काठावरून बघितलं, बोटीत पुढे बसलेल्या एका मुलीने उन्हासाठी तोंडावर बांधलेला स्कार्फ सोडला आणि पर्समध्ये ठेवला. वर एकदाही पाहिलं नाही तिने. जमली की सावली!