रणनेत्राची ट्रायल

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५. सकाळी ७.
आजपासून मी डिफेन्समध्ये.
ही वही कुणाला दाखवायची नाही. फक्त रेकॉर्ड. पुढे सुरुवात कशी झाली ते विसरायला नको.
बावीस वर्षं आपल्या शेडमध्ये एकच माल निघतो, स्कूटरच्या सीटखालचा ब्रॅकेट. शनिवारी कंपनीचं पत्र आलं, नव्या मॉडेलला ब्रॅकेट लागत नाही. ३१ ऑक्टोबरला शेवटची गाडी भरायची. बस, एवढंच. खाली 'धन्यवाद'.
आबा म्हणाले, जागा माझी हाय गोरक्ष, दिवाळीपत्तुर काम आन, न्हाईतर शेड गोडाऊनवाल्याला देतो. वडील असून असं बोलतात.
सात माणसं कामाला आहेत. जेवताना सातही जण डबा सोडून माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, घाबरायचं नाही, तुमचं मी बघतो.

मंगळवार, १९ ऑगस्ट.
प्लॅन पक्का. लष्कराच्या जुन्या गाड्या आधुनिक करायच्या. नव्या कुणीही बनवेल. जुन्या गाडीवर रात्री बघणारा थर्मल कॅमेरा, आत स्क्रीन. ड्रायव्हरने बाहेर बघायचंच नाही. हेडलाइट बंद, शत्रूला पत्ता नाही. नाव सुचलं: रणनेत्र. बायकोला, अनिताला सांगितलं. ती म्हणाली, छान आहे, पण आधी मिक्सरचं बटण बघा ना, महिना झाला.
३ ऑक्टोबरला चाकणजवळ छोट्या उद्योजकांची उपकरणं बघायला लष्कराचे साहेब येणार आहेत. फॉर्म भरला. 'प्रात्यक्षिक कसे दाखवणार' असा रकाना होता. मी लिहिलं: जीपच्या सगळ्या काचा ताडपत्रीने झाकून, फक्त स्क्रीनवर बघून, ड्रमांमधून अर्धा किलोमीटर. आत्मविश्वास दिसला पाहिजे.

सोमवार, २५ ऑगस्ट.
लिलावातली जुनी लष्करी जीप मिळाली. ढकलत आणली. इंजिन चालू होईना. कोंडाजीने बॉनेट उघडलं, कान लावला, कुठेतरी पान्याने दोनदा ठोकलं, चालू. योगायोग.
कोंडाजी आपला वेल्डर. दापोडीहून दोन बस बदलून येतो. फौजेत सतरा वर्षं होता. तिथे काय करायचा माहीत नाही. वेल्डिंगच असणार.

गुरुवार, ४ सप्टेंबर.
गणपतीत काम थंड. कॅमेरा मात्र आला. मेहुण्याने मिळवून दिला. प्रज्वल, आकुर्डीच्या एका कॉलेजात लॅब सांभाळतो. हजार सूचना. भावजी, काचेला बोट लावू नका. भावजी, पुसायचं तर फक्त ह्या मऊ कापडाने. भावजी, काचेवरचा लेप घासला की गेला. मी म्हटलं, बाळा, बावीस वर्षं मशिनवर काढलीत.
मऊ कापड जपून ठेवलं आहे. कुठे ते आठवत नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर.
मोठा शोध. नुसती गाडी आधुनिक करून भागत नाही, जवानही आधुनिक झाला पाहिजे. म्हणून प्रशिक्षण पुस्तिका लिहायला घेतली. चाळीस पानं झाली. ट्रायलला गाडी कोंडाजी चालवणार, तेव्हा पहिला विद्यार्थी तोच.
दुपारी त्याची लेखी परीक्षा घेतली. वीसपैकी चार! प्रश्न पहिला: अंधारात चालकाने प्रथम काय करावे? उत्तर साधं आहे, स्क्रीन ऑन करावा. ह्याने लिहिलंय, गाडी बंद करून पाच मिनटं गप बसावं, मग कान जाग्यावर येत्यात, मागून डोळं. शून्य दिलं. बाकी उत्तरंही तसलीच. टायरखालची खडी कशी वाजती, वास कुठून येतो, पावलं मोजावी.
सतरा वर्षं फौजेत आणि ही अवस्था. देशाचं कसं व्हायचं!

सोमवार, २२ सप्टेंबर.
घट बसले. रणनेत्रही बसलं. शेडच्या मागच्या रानात काचा झाकून चाचणी घेतली, आबांची म्हैस स्क्रीनवर लख्ख दिसली. पांढरीशुभ्र. सातही जणांनी टाळ्या वाजवल्या. मी डोळे पुसले, धूर होता.
आबांना बोलावून दाखवलं. म्हणाले, म्हस हितूनबी दिसती.

बुधवार, १ ऑक्टोबर. खंडेनवमी.
जीप गाडी म्हणून उद्या दसऱ्याला पुजायची, की हत्यार म्हणून आज, यावर घरात अर्धा तास वाद. रणनेत्र हे हत्यारच. आजच पुजलं.
ब्रॅकेट ठोकणारा पॉवर प्रेस, वेल्डिंग मशिन, पान्यांचा सेट, सगळ्याला हळदकुंकू, झेंडू, नारळ. कॅमेऱ्यापाशी जरा अडलो. देवाला कपाळावर लावतात, कॅमेऱ्याला कपाळ नाही. नुसता डोळा. मग काचेवरच लावलं. हळद तेलात कालवली होती म्हणून बोट छान उमटलं. वर अक्षता. इतकी प्रसन्न मूर्ती दिसत होती की फोटो काढला.
कोंडाजी मागून म्हणाला, मालक, काचेवरचं तेवढं आत्ताच पुसतो, वलं हाय तवर. मी ओरडलोच त्याच्यावर. पुजलेल्या हत्याराला दसरा उलटेपर्यंत हात लावायचा नाही, हे आपल्या शेडमध्ये बावीस वर्षं पाळलंय. मेन स्विचसुद्धा मी स्वतः खाली ओढला. ट्रायल तोंडावर असताना देवाला नाराज करायचं?
तो हात मागे घेऊन बाजूला झाला. परंपरेपुढे माणूस नमतोच.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर. सकाळी ६.
हळद वाळून घट्ट बसली आहे. मऊ कापड सापडलं नाही. आधी ओल्या कापसाने पुसलं. मग लिंबू. मग अनिताची भांड्याची घासणी, अगदी हलक्या हाताने. बरंचसं निघालं. स्क्रीन किंचित पिवळसर. किंचित.
अनिता म्हणाली, आज नाही म्हणून सांगा, तारीख मागून घ्या. मी म्हटलं, लष्कराला तारीख मागतात का? तिने पिवळी झालेली घासणी कचऱ्यात टाकली.

त्याच दिवशी. दुपारी ३.
जिंकलो! जिंकलो! जिंकलो!
नीट लिहितो. सकाळी मैदानावर चुन्याच्या रेघा, मध्ये तेवीस ड्रम. आमचा नंबर अकरा वाजता. कोंडाजी साडेआठपासून गायब. बघतो तर हा त्या रस्त्यावरून चालतोय. एकदा गेला, परत आला, पुन्हा गेला. चार वेळा! मध्येच खडीला लाथ मारतो, मध्येच वळणावर डोळे मिटून उभा राहतो. मी हाका मारून दमलो. अशा वेळी स्टाफने फिरायला जायचं?
काचा झाकल्या. बाजूच्या काचेला हवेपुरती चार बोटं फट. कोंडाजी म्हणाला, मालक, पडद्यावर कायबी दिसंना, नुसता पिवळा ढग हाय. मी त्याच्या कानात म्हटलं, दिसेल, सात घरांचा प्रश्न आहे, चालव. त्याने सीट पुढे ओढली. मग म्हणाला, चालवतो. एक मेजर साहेब त्याच्या शेजारी बसले. दार लागलं. मी माइक घेतला.
आणि गाडी सुटलीच नाही. पाच मिनिटं. इंजिन बंद. आत काही आवाज नाही. लोक खोकायला लागले. मी माइकवर सांगितलं की सिस्टिम लोड होते आहे.
मग निघाली. सावकाश. एक ड्रम, दोन, वळण, पुन्हा ड्रम. मी प्रत्येक वळणाला सांगत होतो, हे बघा रणनेत्राने पाहिलं, हे बघा रणनेत्राने टाळलं. तेवीसच्या तेवीस! एकाला शिवली नाही. शेवटच्या रेघेवर बरोब्बर चाक टेकवून थांबली. सगळे साहेब उभे राहिले. मी रडलो. यावेळी धूर नव्हता.
मेजर साहेबांनी माझ्याशी हात मिळवला, पण घाईत. कोंडाजीला मात्र बाजूला घेऊन वीस मिनिटं बोलले. टेक्निकल माहिती घेत असणार. त्याने काही चुकीचं सांगितलं नसलं म्हणजे मिळवलं. परत येताना विचारलं, काय म्हणाले? तर म्हणे, इच्यारत व्हते कुठल्या युनिटला व्हतास. बस्स? बस्स.

बुधवार, ८ ऑक्टोबर.
पत्राची वाट. पेढे वाटले. नवी व्हिजिटिंग कार्डं छापायला टाकली.

शुक्रवार, १० ऑक्टोबर.
प्रज्वल आला होता. त्याच्या कॉलेजला तीनशे लोखंडी बाकं हवीत, भावजी, तुम्ही घ्या, वर्षभर शेड चालेल. मी म्हटलं, आपली क्षमता डिफेन्समध्ये अडकली आहे. अनिता चहा ठेवून आत गेली ती बाहेरच आली नाही. बायकांना धोरण कळत नाही.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर.
पत्र आलं. एक नाही, दोन.
पहिलं मला. 'चाचणीदरम्यान उपकरणाच्या पडद्यावर कोणतेही दृश्य उपलब्ध नव्हते. सबब उपकरणाचे मूल्यमापन करता आले नाही.' चार वेळा वाचलं. साहेब शेजारीच बसले होते की.
दुसरं कोंडाजीला, शेडच्या पत्त्यावर. गाडी चालवणाऱ्या नव्या जवानांना अंधारात, दिव्याशिवाय चालवायला शिकवण्यासाठी कंत्राटी प्रशिक्षक म्हणून बोलावलंय. दिवाळीनंतर हजर व्हायचं.
मी ओरडलो. म्हणालो, तू साहेबांना सांगितलंस. तो म्हणाला, सांगायचं काय मालक, त्येन्ला दिसतच व्हतं. मी म्हनलं पडदा गेलाय साहेब, पर रस्ता पायाखालचा हाय, नेतो. तुमी थांबायचं म्हनला असता तर थांबलो असतो. तुमी सात घरं म्हनला म्हून नेली.
पत्रात चूक असणार, उद्या फोन करतो.

शनिवार, १८ ऑक्टोबर.
फोन केला. चूक नाही.
प्रज्वललाही केला. बाकांचं काम भोसरीतल्या कुणीतरी घेतलं. तो म्हणाला, भावजी, मी चार दिवस थांबलो होतो. थांबला होता हे खरं आहे.
आता काय करू? कुणाला फोन करू? सकाळपासून एकवीस ठिकाणी केले. ब्रॅकेट सोडून तुम्ही काय करता, असं सगळे विचारतात.

मंगळवार, २१ ऑक्टोबर. लक्ष्मीपूजन.
दरवर्षी पूजेत शेडमधला पाना असतो, यंदा ठेवला नाही. आबांनी ताट बघितलं आणि पणत्या लावायला गेले. बोलले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर.
शेवटची गाडी भरली. प्रेस तात्पुरता बंद. मी सगळ्यांना जमवून म्हणालो, हा फक्त ब्रेक आहे, तुमचं मी... पुढचं आलंच नाही तोंडातून. सगळ्यात जुना किसन म्हणाला, असू द्या मालक, आमाला म्हाईत हाय. कुणी भांडलं असतं तर उत्तर तरी देता आलं असतं.
कोंडाजीने जाताना रणनेत्र उतरवून पेटीत ठेवलं. पेटीच्या तळाशी प्रज्वलचं मऊ कापड होतं.

शनिवार, ८ नोव्हेंबर.
अर्धी शेड गोडाऊनवाल्यांना दिली. अर्धी तात्पुरती मशिनसाठी राखली आहे. त्यांच्या मालावर लक्ष ठेवायला माणूस हवा होता. मी इन्चार्ज. खुर्ची गेटवर आहे.
रणनेत्र गेटवर बसवलं. कुत्रं आलं, ट्रक आला, आबा आले, सगळे पिवळा ढग दिसतात.

रविवार, १६ नोव्हेंबर. दुपार.
कोंडाजी आला होता. इस्त्रीचा शर्ट. पेढे आणले, माझ्या पाया पडायला वाकला, मी मागे सरकलो. गेटवर माझ्या शेजारी डब्यावर बसला. त्याच्यासकट चौघांना कामं लागली म्हणाला. किसन आणि आणखी दोघं अजून घरीच आहेत. मी विचारलं नव्हतं.
मग पहिल्यांदा विचारलं, कोंडाजी, फौजेत तू काय करायचास? म्हणाला, गाड्या चालवायचो मालक. वर डोंगरात, लायटी बंद करून. सतरा वर्षं. पाच वर्षं हा माणूस माझ्याकडे होता आणि मी त्याच्याकडून वेल्डिंग करून घेतलं. आणि परीक्षा घेतली.
तो गेल्यावर कपाटातून त्याचा पेपर काढला. पुन्हा तपासला. वीसपैकी अठरा. दोन मार्क अक्षराचे कापले, ते कापायलाच हवेत.
पहिल्या प्रश्नाचं उत्तर करून बघितलं. आत गेलो, प्रेसजवळ उभा राहिलो, पाच मिनिटं गप्प. आधी गोडाऊनचा ट्रक रिव्हर्स घेतोय ते ऐकू आलं. मग पत्रा तापल्याचा आवाज. मग लांबून अनिता कुणाला तरी सांगत होती, ते आहेत गेटवर. आणखी थांबलो. बावीस वर्षं प्रेसचा जो आवाज मी ऐकायचंच सोडून दिलं होतं, तो कुठेच नव्हता.
'प्रेस तात्पुरता बंद' असं वर लिहिलंय. बंद आहे.
उद्या सकाळी किसनच्या घरी जायचं. काय सांगायचं ते माहीत नाही, पण मी बघतो असं म्हणायचं नाही.