खंड पडू द्यायचा नाही

११ जानेवारी २०२६, रविवार. पालम

दुकान पाडणार आहेत! रस्ता रुंद होतोय आणि त्यात आमचं अख्खं दुकान जातंय. आई फोनवर म्हणाली होती, 'थोडं मागं सरकवायलेत.' थोडं कसलं, लाल खूण मागच्या भिंतीवर आहे. म्हणून पुण्याची कामं पुढे ढकलून आले. परभणीला उतरून एसटी धरली. मांडीवर रेकॉर्डची बॅग. कंडक्टरनं ती उचलून बघितली आणि म्हणाला, 'ताई, फरशी न्यायल्यात का काय?'

आप्पा दारातच उभे होते. 'आलीस का,' म्हणाले. बॅगेकडे बघितलं. तिच्यात काय आहे ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आमचं बरीच वर्षं असंच चाललंय.

१२ जानेवारी

दुकान आवरायला घेतलं. वीरभद्र साऊंड सर्व्हिस. भोंगे, आवाज वाढवायचं मशीन, वायरींची भेंडोळी आणि भिंतभर रेकॉर्ड. आप्पांच्या खुर्चीमागे ती पाटी अजून आहे — 'येथे डीजेची चौकशी करू नये.' लाल ऑइलपेंट, अक्षर आप्पांचं.

एके काळी तालुक्यातलं लग्न विरुपाक्षआप्पांच्या भोंग्याशिवाय लागत नसे. मग ट्रकवर भिंतीएवढे स्पीकर रचून डीजे आले आणि दोन-तीन लग्नसराईत धंदा बसला. आप्पा कुणाला वाईट बोलले नाहीत. फक्त पाटी लावली. आणि त्यांची एकुलती एक पोरगी पुण्यात जाऊन कोण झाली? डीजे! लोकांना ते सांगतात, 'ऋतुजा कंपनीत हाय.' कंपनी सोडूनही आता जमाना झाला.

मी ट्रकवर वाजवत नाही. वरातीत वाजवत नाही. तळघरात, पडक्या शेडमध्ये, पन्नास-साठ माणसांसाठी टेक्नो वाजवते. पत्ता पोस्टरवर नसतो, ऐनवेळी फोनवर कळतो. हे आईला सांगून झालंय. आप्पांना सांगायला गेलं की ते फडकं घेऊन मशीन पुसायला लागतात. चकचकीत असलं तरी पुसतात.

माझं मागणं काही फार नाही. एकदा त्यांनी ऐकावं. बसून, नीट. मग दोन शिव्या घातल्या तरी चालतील.

१४ जानेवारी. संक्रांत

आप्पांनी तिळगूळ हातावर ठेवला. 'गोड बोल' म्हणाले नाहीत. बोलायचंच नसेल तर गोड काय नि कडू काय!

१७ जानेवारी

आज माळ्यावर दोन्ही जुने प्लेअर सापडले. इतर साऊंडवाल्यांकडे एकच असायचा. आप्पांकडे दोन.

ताडकळसचं ते लग्न आठवलं. मी दुसरीत असेन. टेम्पोत भोंग्यांच्या मध्ये बसून गेले होते. तेव्हा सगळ्यांकडे कॅसेटी आल्या होत्या, आप्पा मात्र रेकॉर्डच. मांडवाच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर हे दोन प्लेअर. एकावर सनई चालू. दुसऱ्यावर आप्पा पुढची रेकॉर्ड ठेवायचे, सुई टेकवायचे आणि कान अगदी सुईपाशी न्यायचे. मशीनला जोडलेलं नसलं तरी सुईतून बारीक, मुंगीच्या आवाजात गाणं ऐकू येतं. मीही कान लावून बघितला होता! जागा सापडली की बोटानं रेकॉर्ड धरून ठेवायची. पहिलं गाणं संपत आलं की बोट सोडायचं आणि खटका फिरवायचा. मांडवात कुणालाही कळत नसे की गाणं बदललंय. जेवणारे जेवत राहायचे, नाचणारे नाचत राहायचे.

'दोन कामून लागतेत, आप्पा?' मी विचारलं होतं.

'खंड पडू द्यायचा न्हाई,' म्हणाले. 'मधी गप झालं की मान्सं घरला निगायचं बगतेत.'

त्या दिवशी मला बुंदी खाण्यापेक्षा ते टेबल आवडलं होतं. किती बरं वाटायचं त्या टेबलाखाली बसून! वर आप्पांचे हात, खाली मी, आणि सगळं लग्न आमच्या ताब्यात.

२० जानेवारी

काल लिहायचं राहिलं. आप्पा आणि मी दिवसभर वायरी सोडवत होतो.

पुण्यात नोकरीला लागल्यावर ऑफिसातली एक जण मुंढव्याच्या बाजूला एका बंद कारखान्याच्या तळघरात घेऊन गेली होती. शब्द नाहीत, मुखडा नाही, अंतरा नाही, नुसतं धप धप धप. पहिला अर्धा तास मी चप्पल कुठे ठेवली याचाच विचार करत होते. मग टेबलाकडे बघितलं. एक बाई दोन रेकॉर्डवर वाकलेली, एक कान हेडफोनला लावलेला, बोटानं रेकॉर्ड धरलेली. तिनं बोट सोडलं. कुणालाही कळलं नाही की गाणं बदललंय.

मला रडूच आलं. सोबतची घाबरली, बाहेर नेऊ का विचारायला लागली. तिला काय सांगणार — की हे तर आमचे आप्पा!

मग ती धपधपही कळायला लागली. नवीन काय होतं त्यात? आमच्या मठात शिवनाम सप्ताह बसला की एकच नाव टाळ-मृदंगावर तासन्‌तास चालायचं. आधी कंटाळा, मग डुलकी, मग अचानक असं वाटायचं की हे थांबूच नये. ती गोष्ट मला लहानपणापासून येत होती, फक्त तिला पुण्यात टेक्नो म्हणतात हे माहीत नव्हतं. दुसऱ्याच रविवारी जुन्या बाजारात जाऊन एक तुटका प्लेअर आणला. नंतर पगार झाला की एक-एक रेकॉर्ड. पार्सल आलं की मी आधी वास घ्यायचे. दुकानाचा वास यायचा.

२३ जानेवारी

राजेश्री आली. शाळेत एका बाकावर होतो आम्ही. तिच्या वडिलांची, दत्तरावकाकांची, गावाबाहेर कापसाची जिनिंग मिल होती. आता बंद आहे, शेड रिकामी पडलीय. म्हणाली, 'तितं वाजव की. आमाला बी कळू दे तू काय करायलीस ते.'

दिवसा, उन्हात, बंद जिनिंगमध्ये! मी कधीच असं वाजवलं नाही. लगेच हो म्हटलं. परभणीची आणि नांदेडची काही पोरं-पोरी येतील, ओळखीची आहेत. रविवार, १ फेब्रुवारी, दुपारी. पालमला आहे तर आप्पांना दहा मिनिटांचं चालणं. आता नाही आले तर मग कधीच नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदनाला शाळेनं आप्पांनाच बोलावलं. दुकान जाण्याआधीचं शेवटचं काम. दोन्ही प्लेअर नेले. भाषणं संपून पोरांना चॉकलेटं वाटायला लागले तेव्हा आप्पांनी मला मानेनं खुणावलं. मी दुसऱ्या प्लेअरपाशी गेले. कान लावला, जागा धरली, बोट सोडलं. खंड पडला नाही. आप्पा म्हणाले, 'च्या घे.'

आप्पांच्या तोंडून 'च्या घे' म्हणजे काय, ते आमच्या घरातच कळतं. मग धीर करून विचारलं, 'आप्पा, रविवारी जिनिंगवर याल का?'

वायर गुंडाळत राहिले. म्हणाले, 'झेंडा उतरवाय संद्याकाळी कुनाला तरी यावं लागंल.' विषय संपला.

१ फेब्रुवारी

सगळं आधी चांगलं चाललं होतं हे लिहून ठेवते. नाही तर नंतर आठवणार नाही.

शेडच्या पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे, कोपऱ्यात अजून सरकीचा वास. पोरं जमली. राजेश्रीच्या जावा पदर खोचून आल्या, आधी भिंतीला टेकून उभ्या, मग पाय हलायला लागले. मी घाई केली नाही. एकातून दुसरी, दुसरीतून तिसरी, हळूहळू चढवत नेलं. तासाभरानं ती जागा आली, जिच्यासाठी मी हे सगळं करते. कुणीच कुणाकडे बघत नाही आणि सगळे एकत्र असतात. डोळा सारखा फाटकाकडे होता. आप्पा दिसले नाहीत.

आणि तेवढ्यात दत्तरावकाका. हातात माईक, मागे दोघं जण — एकाकडे शाल-श्रीफळ, दुसऱ्याकडे फेटा!

'थांब बेटा, दोन मिंटं थांब. सत्कार घिऊत.'

मी हातानं नको म्हणाले. ते हसत टेबलापर्यंत आले. त्यांची शेड, त्यांचं वय, लहानपणी त्यांच्या अंगणात खेळलेली मी. हात आपोआप खाली गेला. आवाज बंद. शेडमध्ये पंख्याची घरघर तेवढी राहिली. काकांनी भाषण केलं — पालमची लेक, पुण्यात नाव काढलं, वडलांचाच वारसा. टाळ्या झाल्या. फेटा बांधला. काका इतके खूश होते की राग तरी कुणावर काढणार?

मग परत वाजवायला गेले तर फेट्यावर हेडफोन बसेना! पोरं हसली, मीही हसले. पण ते गेलं ते गेलं. लोक चिवडा खायला लागले होते.

आप्पा आले नाहीत.

२ फेब्रुवारी

काही लिहावंसं वाटत नाही.

४ फेब्रुवारी

राजेश्री शेडची किल्ली न्यायला आली आणि सहज बोलून गेली, 'आप्पा आलते की. काट्यापाशी हुबे होते, कापसाच्या गाड्या मोजतेत ना, तितं. लय येळ होते. मग गेले.'

'कधी गेले?'

'सत्कार चालू झाला तवा.'

म्हणजे ऐकलं. ऐकलं आणि निघून गेले. न येणं परवडलं असतं. इतकी वर्षं मनाला समजावत होते की त्यांनी ऐकलंच नाही, म्हणून नाही म्हणतात. आता ते कारणही राहिलं नाही. आईपाशी बसून रडले. ती म्हणाली, 'त्येंना इचार.' मी काय विचारू?

१० फेब्रुवारी

दुकान रिकामं झालं. पाटी आप्पांनी स्वतः काढली, कागदात गुंडाळून घरी आणली. आप्पांच्या रेकॉर्ड बैठकीत रचल्यात, दोन्ही प्लेअर शेजारी. मला त्या रेकॉर्ड हव्यात. अजून मागितलेल्या नाहीत. कुठल्या तोंडानं मागू?

१२ फेब्रुवारी

सप्ताह बसलाय. आज सकाळी आईबरोबर मठात गेले. आप्पांचा वीणेचा पहारा होता. सप्ताह उठेपर्यंत वीणा खाली टेकत नाही आणि तिचा आवाज थांबत नाही. पुढचा पहारेकरी आला, आप्पांच्या पाया पडला, जवळ येऊन उभा राहिला आणि आप्पांची बोटं तारेवर असतानाच त्यानं आपली बोटं ठेवली. थोडा वेळ दोघंही वाजवत होते. मग आप्पांनी हात काढला, गळ्यातला पट्टा त्याच्या गळ्यात गेला.

लहानपणी हे शंभरदा बघितलंय. आज नजर हलेना. ही वेळ जाईल या भीतीनं मी मोबाईलसुद्धा काढला नाही.

१६ फेब्रुवारी

काल महाशिवरात्र झाली, आज प्रसादानं सप्ताह उठला. दुपारी आप्पा बैठकीत प्लेअरच्या सुया बदलत बसले होते. मीच तोंड उघडलं.

'आप्पा, त्या दिवशी आलते ना? आवडलं न्हाई तर तसं सांगायचं. उठून कामून गेलात?'

त्यांनी चष्मा काढला. चिडलेले होते, हे मला तेव्हा कळलं. इतके दिवस चिडलेले होते.

'आवडलं का न्हाई ते कळाय तर पायजे! चांगलं चढायलतं. मला वाटलं, बगू ही कुटं नेती. आन तू थांबलीस.'

'दत्तरावकाकांनी—'

'दत्तराव कोन? पहाऱ्यावर मानूस हाय आन सायब आला म्हून वीणा खाली ठिवतेत का? शाल घ्यायला? मी इतकी लग्नं केली, मंत्री आले, पुडारी आले. एकदा बी माजा आवाज मधी तोडू दिला न्हाई. माईकवाल्याला म्हनायचो, गानं संपू द्या. आन माजी लेक, फेटा बांदून हुबी!'

ते माझ्यावर ओरडत होते आणि मला आयुष्यात इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. डीजे म्हणून नाही ओरडले. मी चुकले म्हणून ओरडले.

'तोडलेलं ऐकून काय करू?' म्हणाले. 'म्हून गेलो.' आणि परत सुईवर वाकले.

१८ फेब्रुवारी. एसटीत

निघताना शेवटी त्यांच्या रेकॉर्ड मागितल्याच. 'न्हाई,' म्हणाले. वर माझी बॅग उघडून माझ्या सगळ्या रेकॉर्ड काढून घेतल्या आणि स्वतःच्या थप्पीशेजारी लावल्या. 'तुला दुसऱ्या भेटतील. मला ह्या पयल्यापासून ऐकायच्यात.' शनिवारी पुण्यात वाजवायचंय आणि माझ्याकडे एकही रेकॉर्ड नाही!