कणकेचे छर्रे

९ फेब्रुवारी, रविवार

बापूजींनी आज जैन स्थानकात सगळ्यांसमोर गावात आलेल्या साध्वी महासतीजींना सांगितलं — मला संथारा घ्यायचाय! मी बायकांच्या बाजूला सामायिकात बसले होते. तोंडावरची मुहपत्ती उगाच नीट करत राहिले.

अन्नपाणी सोडायचं आणि नवकार म्हणत शांतपणे जायचं. आमच्यात याहून मोठं पुण्य नाही. मागे इथे खापर गावातच एका आजींनी घेतला तेव्हा मी दर्शनाला गेले होते, हात जोडून डोळे पुसत परत आले होते. पण त्या दुसऱ्यांच्या घरच्या होत्या.

महासतीजींनी घाई केली नाही. म्हणाल्या, अंगात रोग नाही, नुसतं वय झालं म्हणून हे घ्यायचं नसतं. आधी मन रिकामं करा. माझी माझी म्हणता त्या वस्तू सोडा. मग घरच्यांची संमती. महिनाअखेरीस त्या परत याच वाटेने जाणार आहेत, तेव्हा बघू म्हणाल्या.

सासरे आहेत ते माझे. पण माझे वडील मी शाळेत असतानाच गेले. वडील घरात असले की कसं वाटतं हे मला लग्नानंतर कळलं.

११ फेब्रुवारी, मंगळवार

द्यायला सुरुवात झालीसुद्धा. घड्याळ ह्यांना. चांदीची वाटी सुरतेला नेहलकडे पाठवायची — नात लाडकी. दुलई शेजारच्या जमनाबाईंना. जमनाबाई दुलई घेऊन ओट्यावरच रडत बसल्या, शेवटी मलाच त्यांना घरापर्यंत पोचवावं लागलं.

हे दुकानात बसून आहेत. आज गिऱ्हाईकाला साखरेऐवजी मीठ बांधून दिलं.

१२ फेब्रुवारी

बापूजींचा सकाळी एकच फुलका. तोही "तुला वाईट नको वाटायला" म्हणून.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सगळं देऊन झालं. एकच राहिलं — बंदूक.

छऱ्याची बंदूक आहे, बाहेरदेशी बनलेली. बापूजींचं नवं लग्न झालेलं, तेव्हा नवापूरच्या एका पारशी ठेकेदाराकडून घेतलेली. खाली लोखंडी कडी आहे, ती ओढली की आत स्प्रिंग दबते. लाकूड अजून गुळगुळीत आहे. जैनाच्या घरात बंदूक, म्हणून मी लग्न होऊन आले तेव्हा खुंटीवर टांगलेल्या तिच्याखालून जाताना पदर सावरायचे. मग सासूबाईंनी सांगितलं, अगं, यात छर्रा कधी घातलाच नाही. उन्हाळ्यात गच्चीवर त्या पापड घालायच्या, बापूजी बंदूक घेऊन बसायचे. माकड आलं की सासूबाई म्हणायच्या — वाजवा. बापूजी रिकामीच वाजवायचे. माकडं पळायची. दर उन्हाळ्यात दोघं तसेच, छत्री लावून.

सासूबाई गेल्या त्या वर्षी बंदूकही बंद पडली. कडी ओढली की नुसतं फुस्स.

शेतावर पपई राखतो त्या भिला नावाच्या गड्याला द्यायची म्हणतात. पण बंद वस्तू दान द्यायची नाही, हा हट्ट. मला जवळ बोलावून मारवाडीत म्हणाले — "बिनणी, इने ठीक कर दे."

१५ फेब्रुवारी, शनिवार

स्टीफनकडे घेऊन गेले. बाजारात कुकर, स्टोव्ह, शिलाई मशीन सगळं दुरुस्त करतो. नवापूरकडचा, तोंडाने फार फटकळ. बंदूक पिशवीतून निघाल्यावर म्हणाला, काकी, कुणावर राग आहे?

स्क्रू काढून आतला दट्ट्या बाहेर काढला. त्याच्या तोंडाशी वाटीच्या आकाराचा वायसर, फाटून चिंध्या झालेला. विचारलं, छर्रे कोणते वापरता? मी अभिमानाने सांगितलं, आम्ही कधीच वापरले नाहीत, रिकामीच वाजवतो.

तो कपाळाला हात लावून हसत सुटला. म्हणाला, म्हणूनच मेली ही! पुढे छर्रा असला की हवा अडते, दट्ट्या दमाने थांबतो. रिकामी वाजवली की जाऊन आदळतो. "काकी, तुम्ही माकडांवर दया केली, हिच्यावर नाही केली."

वर सांगतो, वायसर चामड्याचा आहे, चामड्याचाच बसवू. मी उठून उभी राहिले. आमच्या घरात चामडं येत नाही म्हटलं. तर म्हणे, इतकी वर्षं खुंटीवर काय टांगलं होतं? आणि तुमच्या जुन्या पंपाच्या स्टोव्हमध्येही तेच असायचं!

घरी येऊन आंघोळ केली. त्या स्टोव्हवर मी आयंबिलाच्या व्रताचा अळणी स्वयंपाक केलाय. कुणाला सांगणार नाही. सांगून आता उपयोगही नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

स्टीफनने सायकलच्या पंपाचा रबरी वायसर तासून बसवलाय. चालेल म्हणतो, पण अट एकच — रिकामी वाजवायची नाही. काहीतरी पुढे पाहिजेच. लोखंडी छर्रा बापूजी घालू देणार नाहीत. ज्वारीचा दाणा बरोबर बसला असता, पण दाण्यात जीव असतो.

दुपारी पोळ्यांची कणीक उरली होती. हातात आपोआप गव्हल्यांसारखं वळायला लागले, पण लांबट नाही, गोल. ज्वारीच्या चाळणीतून पडतील तेवढेच घेतले. गच्चीवर ताटात वाळत घातलेत.

बाकी काम मीच केलं. मशीनचं तेल दोन थेंब, कडीच्या सांध्यात. नळी सुतळीला चिंधी बांधून आतून पुसून काढली — चिंधी सासूबाईंच्या मलमलच्या साडीची. काळं निघालं, मग करडं, मग स्वच्छ. नळीतून बघितलं तर खिडकीतलं आभाळ गोल दिसलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

बंदूक वाजते!

सकाळी बापूजी झोपलेले असताना गच्चीवर जाऊन वाजवली. कणकेची गोळी निघते तीच अर्धी पिठी होऊन. कुणाला लागून काही होणार नाही. मागून चिमण्या उतरल्या आणि पिठी टिपून गेल्या. किती आनंद झाला, खाली धावत यायला निघाले.

आणि जिन्यातच थांबले. आता ते ही भिलाला देतील. मग त्यांच्याकडे काही उरणार नाही.

हातातलं काम चोख करताना मी काय करत होते हे माझ्या लक्षातच आलं नाही. बंदूक परत खुंटीला लावली. काही बोलले नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज विचारलंच त्यांनी, तयार झाली ना?

खोटं बोलणार नव्हते. झाली म्हटलं. परवाच.

मग सांगितलं का नाही?

मी खाली बसले. म्हटलं, सांगितलं की तुम्ही देऊन टाकाल.

 मग ह्यांचं नाव घेऊन म्हणाले, संमतीला नवनीत हो म्हणेल. तो माझ्यापुढे नाही म्हणत नाही. "तू काय म्हणशील?"

"मी नाही म्हणेन," मी म्हटलं. "पाप लागलं तर लागू दे. मला अजून तुम्ही पाहिजे आहात."

सुनेने सासऱ्यांशी असं बोलावं का! पण बोलले. त्यांनी डोळे मिटून घेतले. ओठ हलत होते, नवकार म्हणत असतील.

२२ फेब्रुवारी, शनिवार

भिलाला बोलावून दिली. कडी कशी ओढायची, गोळी कुठून सोडायची, सगळं झोपल्या जागेवरून सांगितलं. पक्ष्यावर धरायची नाही, आभाळाकडे धरायची. मी वाळवलेल्या गोळ्या डब्यात भरून दिल्या. भिला तिला तान्ह्या पोरासारखी छातीशी धरून गेला.

खुंटी मोकळी. बापूजी भिंतीकडे तोंड करून निजले.

२४ फेब्रुवारी

ताक दोन घोट. ह्यांनी दोनदा "जेवा ना" म्हटलं. मी आग्रह केला नाही. माझं म्हणणं सांगून झालंय.

२६ फेब्रुवारी, बुधवार

महासतीजी परवा येणार असा निरोप. स्थानकात बायका माझ्याशी हळू आवाजात बोलतात, घरातलं कुणी गेल्यासारखं. एक तर म्हणाली, भाग्यवान आहात. मी मान हलवली.

दुपारी बापूजींचे पाय चेपले. म्हणाले, हात काळे झाले तुझे. मशीनचं तेल लागलं असेल म्हटलं. इतकंच बोलणं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळीच भिला दारात. "भाभी, गोया सरी ग्यात. माकडं आयकी नही ऱ्हायनात." गोळ्या संपल्या म्हणून मी कणीक मळून वळायला बसले. आतून बापूजींचा आवाज — तुझ्या मोठ्या होतात, नळीत अडकतील, वायसर जाईल! उठून भिंत धरत बाहेर आले, पाट मागितला, चाळणी मागितली. दुपारपर्यंत वळत होते. मान वर न करता मध्येच विचारलं, खिचडी झाली का?

वाटीभर खाल्ली.

महासतीजी आल्या तेव्हाही बापूजी पाटावरच होते. कणकेने भरलेले हात तसेच जोडले. म्हणाले — "अजून सुटत नाही."