लोणच्याच्या तीन ओळी

शनिवार, संध्याकाळी सात

मिळालं! जाहिरातीत आवाज द्यायचं पहिलं काम, तेही बावन्नाव्या वर्षी. घाईघाईत लिहितोय, अक्षर कुठल्या कुठे चाललंय.

चौथी चाचणी होती. लोणच्याची जाहिरात, तीनच ओळी. काचेच्या खोलीत माइकसमोर उभा राहिलो, पहिली ओळ म्हटली. मग तीच परत म्हटली. दुसरी ओळही दोनदा. रेकॉर्डिंग करणाऱ्या मुलीने थांबवलं. "काका, आपण काय करता?"

म्हटलं, स्वारगेटला गाड्यांच्या घोषणा करतो, सव्वीस वर्षं.

"मग एकदाच बोला. इथे कुणाची गाडी सुटत नाहीये."

शहाणीच आहे! पण खरं आहे. स्टँडवर पहिल्यांदा कोण ऐकतं? म्हणून सगळं दोनदा. म्हणजे आधीच्या तिन्ही ठिकाणी मी हेच केलं असणार, आणि एकानेही सांगू नये? नुसतं "कळवतो" म्हणाले.

मग ती म्हणाली, "सगळ्या स्टँडला नको, घरातल्या एकाच माणसाला सांगा." बायको समोर बसलीय असं धरलं. जेवताना सुनंदाशी बोलतो तशा हळू आवाजात तिन्ही ओळी म्हटल्या. एकदाच. फार जड गेलं. दुसऱ्यांदा म्हणायला तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात मुलगी म्हणाली, "झालं काका. हेच घेतोय."

घरी आल्या आल्या दारातूनच सुनंदाला सांगितलं, "मला काम मिळालं." मुद्दाम एकदाच.

ती कणकेच्या हातांनी तशीच बाहेर आली. म्हणाली, "अहो, परत एकदा सांगा ना."