मागच्या सीटचं वजन

मुलुंड पूर्व,
शनिवार, ८ फेब्रुवारी १९८६

प्रिय अनुपमा,

आपली ऑस्टिन विकत घ्यायला जुहूचे एक गृहस्थ आले होते. मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे जादा पाटे काढून गाडी मूळची होती तशी करून द्या, मग घेतो, म्हणाले. ते पाटे काढायचे की नाही, हे तुला विचारल्याशिवाय मला ठरवता येईना. म्हणून तुझ्या लग्नानंतर साडेपाच वर्षांनी हे पहिलं पत्र.

मी पहिल्यापासून त्या पाट्यांच्या विरुद्ध होते. एक्क्याऐंशीच्या सप्टेंबरात तुझे बाबा घाटकोपरला कुंडलिकच्या गॅरेजमधून गाडी घेऊन आले, ती मागून चांगली चार बोटं उचललेली. मी म्हटलं, सदतीस साली ज्यांनी ही गाडी केली ते काही वेडे नव्हते. स्प्रिंगच्या पट्ट्यांमधला गंज काढा, ग्रीस भरा, झिजलेले रबरी बुश बदला, हवा बेताची ठेवा, की म्हातारी गाडी नीट चालते. वर आणखी पाटे चढवले की ती मऊ होत नाही, कडक होते. इंटरला फिजिक्स शिकलेल्या बाईलाही एवढं कळतं. ते नुसते हसले. म्हणाले, मास्तरीणबाई, मागे माणसं बसू द्या, मग बोला. पण मागे बसायला होतं कोण? आग्रा रोडच्या खड्ड्यागणिक माझं डोकं टपाला लागायचं आणि मी ऐकवायची, की ट्रॉम्बेत अणू फोडतात आणि घरच्या गाडीचा टांगा करून ठेवतात.

ते गेल्यापासून मीच चालवते. बाजारातल्या भाजीवाल्या म्हणतात, म्हातारी म्हातारीला हाकते. म्हणू देत. दहा-बारा वर्षांची असताना तू मागच्या सीटवर आडवी पसरायचीस, पाय खिडकीबाहेर, आणि मी दर सिग्नलला मागे वळून ओरडायची. ओरडायला कोणी नसलं तरी सिग्नलला मान अजून वळते. सीटचं कातडं तेवढं दिसतं.

परवा गाडी कुंडलिककडे नेली. त्याने जॅक लावला, पाना हातात घेतला आणि परत खाली ठेवला. म्हणाला, बाई, हे काढायचं तर ताईंना विचारून काढा. मी म्हटलं, तिचा काय संबंध? तेव्हा त्याने सांगितलं. बाबा त्याच्याकडे एक कागद घेऊन गेले होते. त्यावर वजनं लिहिलेली. नवव्या महिन्यातली तू, तुझ्या शेजारी मी, तुझी ट्रंक, वळकटी. तेवढं वजन मागे असताना गाडी हिसका देणार नाही, असे पाटे बसवून हवे होते. बसवल्यावर दोघांनी तेवढ्याच वजनाची वाळूची दोन पोती मागच्या सीटवर ठेवली, मध्ये काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या, आणि घाटकोपरहून भांडुपला तुझ्या चाळीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन मुलुंडच्या नाक्यापर्यंत गाडी आणून पाहिली. पाणी सांडलं नाही. कुंडलिकने बजावलं होतं, साहेब, रिकामी चालवाल तेव्हा मला शिव्या घालाल. तुझे बाबा म्हणाले, रिकामी चालवायचीच नाही.

मला यातलं एक अक्षर बोलले नाहीत. ऑक्टोबरात जेवताना एकदाच विचारलं, अनूला आणायचं ना? दशरथ गिरणीकामगाराचा मुलगा, तू आम्हाला न विचारता त्याच्याशी लग्न केलेलं. मी म्हटलं, त्या घरचं त्या घरीच होऊ दे. त्यांनी ताक संपवलं आणि उठले. तुझी क्षमा तुझ्या सासूबाईंच्या, रुक्मिणीबाईंच्या हातांवर जन्मली. पाणी त्यांनी तापवलं, रात्री त्यांनी जागवल्या. बाबांच्या तेराव्याला तू आलीस, अर्धा तास बसलीस. थांब म्हणायला मी तोंड उघडलं नाही.

जुन्या गाडीला असलं जोडकाम करावं का, तर माझं उत्तर अजूनही नाही असंच आहे. गाडीचं त्यात काही भलं होत नाही. तुझ्या बाबांनाही ते ठाऊक होतं, एवढं मला साडेचार वर्षं डोकं आपटून घेऊनही कळलं नाही.

शेजारची वनमाला तुझ्याच चाळीत शिकवण्या घ्यायला जाते, तिच्याकडून समजलं, तुला पुन्हा दिवस आहेत, सातवा लागला. दुसरं बाळंतपण माहेरी करायची रीत नाही. पहिल्या वेळी रीत होती, ती मी मोडली, तेव्हा आता रीतीचं नाव मी घेणार नाही. उद्या सकाळी कुंडलिक हे पत्र आणि गाडी घेऊन तुझ्या दारात येईल. मी येत नाही. मी समोर उभी राहिले तर तुला नाही म्हणणं जड जाईल, आणि ते तुला सहज म्हणता यायला हवं. क्षमाला घेऊन ये. दशरथरावांनाही. रुक्मिणीबाईंना विचारून ये, त्यांचा हक्क माझ्याआधीचा. यायचं नसेल तर गाडी रिकामी परत पाठव, मी समजेन, आणि जुहूच्या गृहस्थांना हो म्हणून कळवीन.

तुझीच, तू अजून म्हणत असशील तर,
आई

कुंडलिकच्या ताब्यात दिलं: गाडी, किल्लीसह. उशा दोन. आवळ्याच्या लोणच्याची बरणी एक, रुक्मिणीबाईंसाठी. हिरवी साडी एक, ऑक्टोबर १९८१मध्ये मी घेतलेली. घडी मोडलेली नाही.